तेरा जूनचा रंग

स्वरांजली साळुंखेच्या दंडावरचं बटण तपासताना सारिका वाघमोडेला पहिल्यांदाच वाटलं, की आपण नर्स नाही, पंचनामा करायला आलेला हवालदार आहोत. समोर खुर्चीवर स्वरांजलीची सासू, सुरेखाबाई, हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"बघा, सिस्टर," सुरेखाबाई म्हणाल्या. "तुमच्या मशीनला ठाऊक असंल, तर तेच सांगू दे. आमच्या तोंडानं कशाला?"

स्वरांजलीला अकरावा आठवडा चालू होता. तिचा नवरा विश्वजित आंध्रात राजमुंद्रीला गलाईच्या दुकानात होता. सराफांकडचं जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं, हा आटपाडी-विटा भागातल्या घराघरांतला धंदा. गावातले निम्मे तरुण त्यासाठी बाहेर असतात आणि वर्षातून दोन-तीनदा आठवडाभर घरी येतात. विश्वजित या वर्षी नऊ जूनला आला आणि चौदा जूनच्या सकाळी परत गेला. बटण बनवणाऱ्या कंपनीचं पत्र सांगत होतं, की गर्भ राहिला तो सतरा जूनला.

सगळा तिढा त्या एका तारखेत होता.

सारिका गेली दोन वर्षं पुण्याच्या एका अभ्यासकेंद्रासाठी काम करत होती. प्रश्न जुनाच होता, पण २०३८ साली त्याला नवं उत्तर मिळायची आशा होती: मूल नको असेल तर कोणत्या साधनावर किती भरवसा ठेवावा? माणदेशातल्या तीन तालुक्यांतल्या बाराशे बायका चार गटांत होत्या. एका गटात तांबी, दुसऱ्यात गोळ्या, तिसऱ्यात नैसर्गिक पद्धत. नैसर्गिक म्हणजे रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तोंडात थर्मामीटर धरायचा, आकडा तक्त्यावर लिहायचा आणि त्यावरून कुठले दिवस टाळायचे ते ओळखायचं. चौथ्या गटाला बटण दिलं होतं.

बटण म्हणजे दहाच्या नाण्याएवढी चकती. ती दंडाला चिकटवायची. तिच्या केसाएवढ्या सुया कातडीखालच्या पाण्यातली संप्रेरकं दर तासाला मोजत आणि फोनवर दिवसाचा रंग दाखवत. हिरवा म्हणजे काळजी नाही, लाल म्हणजे टाळा. ही पद्धतही तशी नैसर्गिकच, औषध नाही आणि शरीरात काही बसवणंही नाही. फक्त अंदाज बाईनं करायचा नाही, यंत्रानं करायचा.

साधनाचा भरवसा मोजायची रीत सारिका प्रत्येक घरी सांगे. शंभर जोडप्यांनी एखादं साधन वर्षभर वापरलं, तर किती जणींना दिवस राहिले, ते मोजायचं. आकडे दोन निघतात. पहिला नेमक्या वापराचा, म्हणजे एकही चूक न करता वापरलं तर येणारा. दुसरा रोजच्या वापराचा. त्यात विसरलेली गोळी येते, ताप आलेला दिवस येतो, नवऱ्याचा हट्टही येतो. तांबी एकदा बसली की विसरायला काही उरतच नाही, म्हणून तिचे दोन्ही आकडे एकाच्या आत आणि जवळजवळ सारखे. गोळीचा पहिला आकडा एकाच्याही आत, दुसरा सातच्या आसपास. तक्त्याच्या पद्धतीत दोन आकड्यांमधली दरी सगळ्यात मोठी. त्या गटातल्या तीनशे बायकांत वर्षभरात चाळीस जणींना दिवस राहिले होते. बटणाच्या गटात एकवीस जणींना. त्यातल्या फक्त दोन वेळा यंत्र चुकलं, बाकी एकोणीस वेळा वापरणारी चुकली, असं कंपनी म्हणत होती. म्हणून जाहिरातीत यायचं: नेमक्या वापरात शंभरात एकही नाही.

त्या एकोणीस जणींत स्वरांजली होती.

तिला बटण सारिकानंच सुचवलं होतं. पहिल्या मुलीनंतर तिला तांबी सोसली नव्हती, आठ-आठ दिवस रक्त जायचं. गोळीनं उलट्या व्हायच्या. "आणि ताई, वर्षातनं वीस दिवस हे घरी असतात. तेवढ्यासाठी तीनशे पासष्ट गोळ्या खाऊ का?" असं तिनं विचारलं, तेव्हा सारिकाला हसू आलं होतं. प्रश्न रास्त होता. स्वरांजली विट्याला औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि डिसेंबरात तिची परीक्षा होती. तिला अजून दोन-तीन वर्षं मूल नको होतं.

आता तिच्या हातात कंपनीचं पत्र होतं. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या होत्या. *दि. १३ जून हा दिवस लाल विभागात होता, वापरकर्त्याची चूक.* आणि खाली: *संभाव्य गर्भधारणा, दि. १७ जून.*

"तेराला हिरवा होता," स्वरांजली म्हणाली. "मी ह्यांना फोन दाखवला होता. ह्यांनी स्वतः बघितलाय."

"तीच तर गोम हाय," सुरेखाबाई म्हणाल्या. "विसू म्हणतो, तेराला हिरवा व्हता, मी बघितला. मग लाल कुठला? सतराचा. आन सतराला तो तिकडं राजमुंद्रीत. मशीन चुकत न्हाई म्हणता, मग काय समजायचं आम्ही?"

सारिकानं स्वरांजलीचा फोन मागून घेतला आणि जून महिना उघडला. तेरा तारीख लाल होती.

"बघितलंत?" सुरेखाबाई म्हणाल्या.

पण सारिका वेगळ्याच गोष्टीनं चक्रावली होती. या घरातले नवरा-बायको आता एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, तरी दोघंही एकच सांगत होते: तेराला हिरवा होता. फोन म्हणत होता लाल. ती दोघं खोटं बोलत असती तर वेगवेगळं बोलली असती.

परत निघताना स्वरांजली तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"विश्वजित काय म्हणतो?" सारिकानं विचारलं.

"रक्त तपास म्हणतात. आता आईच्या रक्तातनंच बाप कळतो ना."

"करायची आहे तुला?"

"नाही." उत्तर लगेच आलं. "तपासणीत त्यांचंच निघणार, मला माहिताय. मग हे म्हणणार, बरं झालं. आणि पुढच्या वेळी काही झालं की पुन्हा तपासणी. ताई, ते सोडा. मला एवढंच कळाय पाहिजे, की माझ्या अंगात झालं काय? हिरव्याचा लाल कसा झाला? कॉलेजात आम्हाला शिकवतात, प्रयोग चुकला तर का चुकला ते लिहा. इथं कुणीच का विचारत नाही?"

"आणि गर्भाचं?"

"ते नंतर ठरवीन. आधी हे कळू दे. ठेवायचं तर कुणाला पटवायला म्हणून ठेवायचं नाही, आणि काढायचं तर गुन्हा लपवायला म्हणून नाही."

सारिकानं तिला कायदा सांगितला. साधन फसलं हे कारण पुरतं. सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. आणि बारा आठवड्यांच्या आत सगळंच सोपं असतं.

"म्हणजे आठवडा आहे," स्वरांजली म्हणाली.

सारिकानं आटपाडीच्या कार्यालयातून पुण्याला डॉक्टर मीनल पाटणकरांना फोन लावला. पाटणकर अभ्यासाच्या प्रमुख होत्या.

"मॅडम, फोनवर दिसतात ते रंग कंपनीकडून येतात. पण बटणाच्या आत त्याची स्वतःची नोंद असते ना? तासातासाची?"

"असते. तपासणीयंत्रानं वाचता येते. पण ती नोंद कंपनीची, करारात तसं आहे. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी लागेल."

"समिती कधी बसते?"

"दहा सप्टेंबरला."

"तिच्याकडे आठवडा आहे, मॅडम."

"सारिका, मी तुला हो म्हणू शकत नाही," पाटणकर म्हणाल्या. "मी हो म्हटलं तर अख्खा अभ्यास थांबवतील ते."

फोन ठेवल्यावर सारिकानं आपल्या नोकरीचा हिशेब केला. अकरा वर्षं तिनं कंत्राटावर नोकऱ्या केल्या होत्या, ही त्यातली सगळ्यात बरी होती. नवरा सांगोल्याला डाळिंबाची रोपवाटिका चालवायचा, त्याला तिनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, "तू मला विचारतीयस, का सांगतीयस?" तिनं विचार केला आणि म्हणाली, "सांगतीय बहुतेक." "मग झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वरांजलीला कार्यालयात बोलावलं. तपासणीयंत्र काडेपेटीएवढं होतं. ते दंडावरच्या बटणावर टेकवलं, की दोन मिनिटांत सगळी नोंद पडद्यावर उतरायची. रोज चोवीस ओळी, तारीख, वेळ, आकडे आणि शेवटच्या रकान्यात त्या तासाला दाखवलेला रंग.

दोघी खुर्च्या जवळ ओढून जूनमध्ये शिरल्या. पाच जूनला पाळी सुरू झाली होती. सहा, सात, आठ हिरवे. नऊला विश्वजित आला, हिरवा. दहा, अकरा, बारा हिरवे.

"तेरा," स्वरांजली म्हणाली.

तेरा जूनच्या चोवीसही ओळी हिरव्या होत्या.

स्वरांजलीनं श्वास सोडला. सारिका मात्र पुढे वाचत राहिली. चौदा, लाल, तो ठरल्याप्रमाणेच होता. सोळा तारखेला सकाळी सात वाजता मधल्या रकान्यातला, बीज सुटणार हे सांगणाऱ्या संप्रेरकाचा आकडा एकदम चौपट झाला. आणि त्याच ओळीत बारीक अक्षरांत एक सूचना होती: *बीज अपेक्षेपेक्षा लवकर. मागील दिवसांचे रंग सुधारले.*

"मागील दिवसांचे?" स्वरांजलीनं वाचलं. "झालेल्या दिवसांचे रंग कसे सुधारतात?"

तिथंच सारिकाला सगळं उलगडलं. तिनं कोरा कागद घेतला आणि एक आडवी रेघ मारली.

"हे बघ. बाईचं बीज सुटल्यावर जेमतेम एक दिवस जगतं. पण पुरुषाचं बीज आत पाच दिवस जिवंत राहू शकतं. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस धोक्याचे. आता गंमत बघ. बीज सुटून गेल्यावर बटण जे सांगतं ते मोजून सांगतं. पण सुटायच्या आधी जे सांगतं तो नुसता अंदाज असतो, तुझ्या मागच्या चौदा महिन्यांवरून बांधलेला. तुझं बीज दर वेळी सोळाव्या दिवशी सुटायचं. म्हणून यंत्रानं धरलं, या वेळीही सोळाव्या दिवशी, वीस जूनला सुटेल. एक दिवस जास्तीचा धरून चौदापासून लाल, तेरापर्यंत हिरवा."

"आणि ते सुटलं सतराला."

"सतराला. तीन दिवस आधी. तेराचं पुरुषाचं बीज चार दिवस वाट बघत थांबलं होतं."

स्वरांजलीनं बोटांवर मोजलं. "चौदा, पंधरा, सोळा, सतरा." मग पुन्हा मोजलं. "म्हणजे सतराच खरी. आणि तेरा पण खरी."

"दोन्ही खऱ्या."

"लवकर का सुटलं?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. होतं कधीकधी. शरीराला आपलं वेळापत्रक ठाऊक नसतं."

"पण सोळाला मशीनला कळलं होतं," स्वरांजली सावकाश म्हणाली. "चुकलंय ते. आणि त्यानं मागं जाऊन हिरवा पुसून लाल केला. मग माझी चूक झाली."

कुणी मुद्दाम केलं होतं असं सारिकाला वाटलं नाही. बहुधा कुणीतरी दूर कार्यालयात बसून विचार केला असेल, की दिनदर्शिका नेहमी बरोबर दिसली पाहिजे. दिनदर्शिका बरोबर दिसत होती. फक्त त्यामुळे ज्या जोडप्यांनी हिरव्या दिवशी भरवसा ठेवला, ती कागदावर लाल दिवशी चुकलेली दिसत होती.

तिनं नोंदीच्या दोन प्रती छापल्या आणि एक स्वरांजलीला दिली. दुसरी पाटणकरांना पाठवली. खाली लिहिलं, की ही प्रत सहभागी महिलेला मी माझ्या जबाबदारीवर दिली आहे, आणि उरलेल्या अठरा जणींच्या नोंदीही वाचाव्यात.

विश्वजित तीन दिवसांनी आला. स्वरांजलीनं सारिकालाही घरी बोलावून घेतलं होतं. तो अठ्ठावीस वर्षांचा, हाताच्या बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग असलेला तरुण होता. बायकोकडे न बघता त्यानं कागद हातात घेतला, आणि सारिकाला आश्चर्य वाटलं, की तो तिच्यापेक्षाही बारकाईनं वाचत होता. एकेका ओळीवर बोट ठेवून. सोळा जूनच्या सूचनेवर बोट थांबलं.

"हे मागचे रंग सुधारले म्हणजे?"

सारिकानं सांगितलं. पाच दिवस, एक दिवस, अंदाज आणि मोजमाप.

"मॅडम, आम्ही सोन्याचा टंच काढतो," शेवटी तो म्हणाला. "शुद्ध किती ते. कसोटीवर घासून एक आकडा सांगतो, तो अंदाज. गाळल्यावर दुसरा निघतो, तो खरा. फरक पडतो, गिऱ्हाइकाला पण माहीत असतं. पण पहिली पावती फाडून, मी पहिल्यापासून हाच आकडा सांगितला होता, तुम्हीच चुकीचं ऐकलं, असं म्हटलं तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. कान लाल झाले होते. "गिऱ्हाईक दुकान जाळंल."

"ते शंभरात एकही नाही म्हणत होते," सुरेखाबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता.

"आत्या, शंभरात एक असो नाहीतर हजारात एक," स्वरांजली म्हणाली, "तो एक कुणीतरी असतोच की. त्याच्या दारात जाऊन तू नसणारच असं म्हणायचं का?"

सुरेखाबाई उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात डबे वाजले. परत आल्या तेव्हा हातात ताटली होती, त्यात साखर आणि खोबरं. त्यांनी सुनेच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "घरात पाळणा हलणार, आन मी काय बोलत बसले."

विश्वजितच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "आता सगळं बरं झालं की," तो म्हणाला.

स्वरांजलीनं साखर तोंडात टाकली नाही. तिनं ती ताटलीत परत ठेवली, अगदी हळू.

"मला आत्ता मूल नकोय," ती म्हणाली.

"अगं, पण आता कळलं ना, माझंच आहे."

"तुमचंच होतं. मला पहिल्यापासून माहीत होतं, तुम्हाला आज कळलं. पण मी बटण कशाला लावलं होतं? दोघांनी ठरवलं होतं, माझं शिक्षण होईपर्यंत नको. मशीन चुकलं म्हणून माझं मत बदलत नाही. परवा मी दवाखान्यात जाणार आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. नाही आलात तरी जाणार आहे."

सुरेखाबाईंनी मुलाकडे बघितलं. विश्वजितनं सारिकाकडे. सारिकानं कुणाकडेच बघितलं नाही. हा प्रश्न तिच्या कागदावर कुठंच नव्हता, आणि उत्तर देण्याचा हक्क तिला नव्हता.

विश्वजित उठून अंगणात गेला. बराच वेळ नळाखाली हात धुत राहिला, जणू बोटांवरचे डाग आज निघणार होते. आत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"किती वाजता जायचंय?" त्यानं विचारलं.

सुरेखाबाई त्या दिवशी कुणाशीच बोलल्या नाहीत. पण दवाखान्यात जायच्या सकाळी नातीला त्यांनीच शाळेत सोडलं, आणि जाताना सुनेच्या पिशवीत पेजेचा डबा ठेवला.

ग्रामीण रुग्णालयात सगळं दुपारपर्यंत आटोपलं. सारिका त्या दिवशी कामावर नव्हती. आदल्या सायंकाळीच तिला पत्र आलं होतं, की चौकशी होईपर्यंत घरोघरचं काम बंद. तरी ती गेली. स्वरांजली खाटेवर उशीला टेकून बसली होती, विश्वजित शेजारी स्टुलावर.

"ताई, तुमची नोकरी?"

"बघू. मॅडमनी उरलेल्या अठरा नोंदी समितीपुढं न जाताच वाचल्या म्हणे. आठ जणींचे रंग असेच बदललेले निघाले." सारिका हसली. "तुझी धरून नऊ. कंपनीनं मान्य केलेल्या दोन धरल्या तर अकरा. म्हणजे यंत्राची चूक शंभरात चारच्या जवळ. वाईट नाही तसं, तक्त्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त खरं सांगायला हवं होतं. त्या आठ जणींपैकी एकीला माहेरी पाठवलंय. मॅडम उद्या स्वतः तिच्याकडे जातायत."

विश्वजितनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. केंद्राचाच तक्ता होता, सगळ्या साधनांचा. तो त्यानं पेनानं खुणा करकरून वाचलेला दिसत होता.

"ह्यात सगळ्यात कमी चुकणारं कुठलं? पुरुषांची नसबंदी, हजारात एक-दोन. ती मी करून घेऊ का?"

"मला पुढं मूल हवंय," स्वरांजली म्हणाली. "आत्ता नको, एवढंच."

"मग ही दंडातली काडी?"

काडी म्हणजे कातडीखाली बसवायची काडेपेटीतल्या काडीएवढी नळी. तिच्यातून तीन वर्षं थोडं थोडं औषध झिरपत राहतं आणि बीज सुटूच देत नाही. हजारात एकदा चुकते, आणि हवी तेव्हा काढता येते. पाळीचं गणित थोडं बिघडवते, तेही सारिकानं सांगितलं. स्वरांजलीनं काडीबद्दल आपल्या पुस्तकात आधीच वाचलं होतं. डॉक्टर दुपारी चारला बसवणार होते.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "ही पण चुकली, तर? बटणात नोंद तरी होती. हिच्यात काय आहे?"

"काही नाही," सारिका म्हणाली. "नुसती काडी आहे ती. काय झालं ते तूच सांगायचं."

स्वरांजलीनं नवऱ्याकडे पाहिलं. विश्वजितनं तक्त्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"सांग," तो म्हणाला. "मी कागद मागणार नाही."